स्कोपवर दिसणारा कचरा सर्किटचा की प्रोबचा?

तक्रार साधारण अशीच येते. मल्टिमीटर १२ व्होल्ट बरोबर दाखवतो, बोर्डही चालतोय, पण स्कोप (ऑसिलोस्कोप, सिग्नलची लाट पडद्यावर काढणारं यंत्र) लावला की रेघेऐवजी जाड पट्टा दिसतो, नाहीतर ५० हर्ट्झची डुलणारी लाट, नाहीतर चौकोनी लाटेच्या प्रत्येक कडेला शिंगं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ड्राइव्ह (मोटारचा वेग सांभाळणारं यंत्र) आणि सीएनसी मशीनचे (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन) बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांपासून ते इंजिनिअरिंगला असताना स्वतःचा पहिला डीएसओ (डिजिटल स्कोप) घेतलेल्या पोरांपर्यंत सगळे यात अडकतात. मग रेग्युलेटर बदलला जातो, कपॅसिटर बदलला जातो आणि पडदा होता तसाच राहतो.

स्कोपच्या इनपुटला जे पोचतं तेच तो काढून दाखवतो. मात्र तिथे तुमच्या सिग्नलबरोबर प्रोबची वायर, क्लिप, बेंचचं अर्थिंग आणि शेजारच्या गाळ्यातलं वेल्डिंग मशीनही पोचतं. म्हणून सर्किटवर सोल्डरिंग गन धरण्याआधी मोजणीची वाट तपासायची. पुढचा क्रम त्यासाठीच आहे. त्यातला पहिला मुद्दा जिवाचा आहे, तो वगळून पुढे जाऊ नका.

काळी क्लिप म्हणजे अर्थ

मेन्सवर चालणाऱ्या नेहमीच्या स्कोपच्या प्रत्येक बीएनसीचं (प्रोब लावायचं गोल सॉकेट) बाहेरचं कडं, प्रोबची काळी क्लिप आणि तीन पिनी प्लगची जाड पिन हे सगळं आतून एकच असतं. चॅनेल दोन असोत की चार, सगळ्या क्लिपा एकमेकींना जोडलेल्या. म्हणजे क्लिप जिथे लावाल तो बिंदू तुम्ही इमारतीच्या अर्थला बांधता. बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डाला याने काही होत नाही. एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लाय) प्रायमरीवर, म्हणजे मेन्सकडच्या बाजूला, किंवा ड्राइव्हच्या डीसी बसवर (मेन्सपासून बनवलेल्या उंच डीसी व्होल्टेजवर) मात्र स्फोट होतो.

२३० व्होल्टवर चालणारा साधा ब्रिज रेक्टिफायर घ्या. बसच्या निगेटिव्हला सर्किटच्या नकाशात ग्राउंडचं चिन्ह काढलेलं असतं, म्हणून क्लिप तिथेच लावावीशी वाटते. फेज पॉझिटिव्ह असताना हा निगेटिव्ह एका डायोडमधून न्यूट्रलला टेकतो. पुढच्या १० मिलिसेकंदांत फेज निगेटिव्ह होते आणि तोच बिंदू दुसऱ्या डायोडमधून थेट फेजला टेकतो, म्हणजे अर्थपासून ३२५ व्होल्टपर्यंत खाली जातो. तिथे क्लिप असेल तर फेज, डायोड, क्लिप, प्रोबची जाळी, स्कोपचा बोर्ड आणि अर्थ असा पूर्ण शॉर्ट तयार होतो. एमसीबी पडेपर्यंत ब्रिज गेलेला असतो आणि स्कोपच्या आतला ग्राउंडचा ट्रॅकही जळू शकतो.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणं. हे करू नका, एका मोजणीपुरतंही नको. शॉर्ट टळतो हे खरं, पण मग बीएनसी, यूएसबीचं तोंड, मागचे स्क्रू असं स्कोपचं सगळं धातूचं अंग फेजवर जातं. यूएसबीने लॅपटॉप जोडलेला असेल तर तोही. हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून करंट जमिनीत जातो.

वेगळं करायचं ते दुरुस्तीला आलेलं यंत्र. स्कोप अर्थलाच राहू द्या आणि यंत्राला २३० ते २३० व्होल्टचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर द्या. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) म्हणजे आयसोलेशन नव्हे. त्यात एकच वाइंडिंग असतं आणि न्यूट्रल सरळ पलीकडे जातो. सिरीज बल्बचंही तसंच. तो करंट मर्यादित करतो, शॉक थांबवत नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमागे काम करतानाही दोन गोष्टी पक्क्या धरा: सर्व क्लिपा एकाच बिंदूवर लावायच्या, आणि तिथे आरसीसीबी (गळतीच्या करंटवर पडणारा स्विच) तुम्हाला वाचवणार नाही, त्यामुळे एक हात लांब ठेवायचा. बंद केल्यावरही बसचे कपॅसिटर भरलेले राहतात. ड्राइव्हच्या झाकणावर लिहिलेली मिनिटं थांबा आणि नंतर मल्टिमीटरने बस मोजूनच हात घाला.

इचलकरंजीच्या लूमवरचा किंवा शिरोलीच्या सीएनसीवरचा तीन फेजचा ड्राइव्ह असेल तर ४१५ गुणिले १.४१४, म्हणजे बस ५८७ व्होल्टच्या आसपास असते. इथे डिफरन्शियल प्रोबच (अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) वापरा आणि त्याचं रेटिंग १००० व्होल्टच्या वर असू द्या. साध्या १०एक्स प्रोबवर (सिग्नल दहावा भाग करून स्कोपला देणारा) किती व्होल्ट छापलंय ते वाचा. पुष्कळांवर ३०० व्होल्ट आरएमएसच असतात, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की तेवढीही मुभा राहत नाही. एक साधा हिशोबही लक्षात ठेवा. स्कोपचा सगळ्यात मोठा व्होल्टेज रेंज घराला (पडद्यावरच्या जाळीच्या एका चौकोनाला) ५ व्होल्ट असेल तर १०एक्सवर घराला ५० व्होल्ट होतात, आठ उभ्या घरांत ४०० व्होल्ट मावतात. २३० व्होल्टची मेन्स पीक-टू-पीक ६५० व्होल्ट असते. पडद्यावर तिचं डोकं कापलेलं दिसतं आणि ‘व्होल्टेज क्लिप होतंय’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

आता खरी चाचणी: टोक आणि क्लिप एकत्र

ही चाचणी दहा सेकंदांची आहे आणि निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात. बोर्ड चालू ठेवा. क्लिप बोर्डाच्या ग्राउंडवर लावा. प्रोबचं टोक त्याच ग्राउंडवर, क्लिपच्या अगदी शेजारी टेकवा. डीसी कपलिंग, घराला ५० मिलिव्होल्ट. एकाच तांब्यावर दोन्ही टोकं आहेत, त्यामुळे सरळ रेघ दिसली पाहिजे.

रेघ सरळ असेल तर मोजणीची वाट ठीक आहे, आणि सिग्नलवर दिसलेली खळबळ सर्किटमधली असण्याची शक्यता मोठी. इथेही कचरा दिसत असेल तर तो मोजणीच्या वाटेतून येतोय, कारण मोजायला फरकच उरलेला नाही.

कुठून येतोय ते ओळखायला टोक न उचलता क्लिपच्या वायरचा फास लहान-मोठा करा आणि आडवा-उभा फिरवा. कचऱ्याची उंची बदलली तर ते चुंबकीय क्षेत्र आहे आणि तुमच्या क्लिपची वायर अँटेनाचं काम करतेय. जवळ ट्रान्सफॉर्मर, एसएमपीएसचा इंडक्टर, मोटारची केबल असते. फाउंड्रीच्या पॅनेलरूममध्ये मोजत असाल तर इंडक्शन भट्टी शेकडो हर्ट्झपासून काही किलोहर्ट्झपर्यंत चालते आणि तिच्या केबलच्या आसपास फासात सहज शेकडो मिलिव्होल्ट उमटतात. फास फिरवूनही फरक पडत नसेल, पण समोरचं यंत्र बंद केल्यावर कचरा जात असेल, तर करंट प्रोबच्या जाळीतून अर्थकडे वाहतोय. स्कोपचा अर्थ एका सॉकेटमधून आणि यंत्राचा दुसऱ्या पॅनेलमधून आला की हेच होतं. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. प्रोबची केबल फेराइटच्या कड्यातून चार-पाच वेढे देऊन काढल्यानेही हा कचरा उतरतो.

५० हर्ट्झची लाट

क्लिप न लावता टोकाला बोट लावलं की मोठी ५० हर्ट्झची लाट येते. इनपुट १ मेगाओमचं, १०एक्सवर १० मेगाओमचं, आणि घरभर पसरलेल्या वायरिंगशी तुमचं अंग कपॅसिटरसारखं जोडलेलं. तो बिघाड नाही. क्लिप लावल्यावरही तशीच लाट येत असेल तर पहिला संशय क्लिपवरच घ्या. तिची वायर प्रोबच्या कड्याजवळ आतून तुटते आणि बाहेरून रबर शाबूत दिसतं. मल्टिमीटर कंटिन्युइटीला लावून क्लिप ते बीएनसीचं कडं मोजा आणि मोजताना वायर हलवत राहा. बीप तुटला की वायर गेली.

क्लिप चांगली असेल तर बेंचचं अर्थिंग. आपल्याकडे जुन्या गाळ्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन पिनी सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायर लावलेलीच नसते. अशा वेळी स्कोपच्या आतल्या एसएमपीएसचे लाइन फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांच्या मधोमध धातूच्या अंगाला बसवतात आणि बॉडीवर ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतं व्होल्टेज येतं. बीएनसीला हात लावला की झिणझिण्या येतात ते यामुळे. करंट मिलिअँपिअरच्या अंशाएवढाच असतो, पण मायक्रोकंट्रोलरची पिन किंवा सेन्सरचं इनपुट मारायला पुरतो. म्हणून क्लिप नेहमी आधी, टोक नंतर. काढताना टोक आधी, क्लिप नंतर.

सॉकेट तपासायला मल्टिमीटर एसी रेंजवर घ्या. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट हवं. फेज-अर्थ १००-१५० च्या दरम्यान भटकत असेल तर अर्थ तुटलेला आहे. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघण्याची पद्धत टाळा. अर्थ खरोखर तुटलेला असेल तर त्या बल्बमधून त्या अर्थवरच्या सगळ्या यंत्रांच्या बॉडीवर फेज पोचते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स मोजून घ्या. एप्रिल-मे महिन्यांत खड्ड्यातली माती कोरडी पडते आणि पावसाळ्यात बरोबर असलेला आकडा वाढतो. उन्हाळ्यातच हा त्रास होत असेल तर खड्ड्यात पाणी घालून फरक बघा.

कडांवरची शिंगं

चौकोनी लाटेच्या चढत्या कडेवर उंच शिंग आणि मागे दोन-तीन लहान लाटा, म्हणजे रिंगिंग. ते मॉस्फेटचं (स्विचिंग ट्रान्झिस्टरचं) खरं रिंगिंगही असू शकतं आणि क्लिपच्या वायरचंही. वायरच्या प्रत्येक सेंटिमीटरला साधारण १० नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. १५ सेंटिमीटरची क्लिप म्हणजे १५० नॅनोहेन्री, प्रोबच्या टोकाचा कपॅसिटन्स १२ पिकोफॅरड धरा, की दोघांची जोडी १२० मेगाहर्ट्झच्या आसपास वाजते. कर्सर लावून शिंगांमधलं अंतर मोजा. ८ नॅनोसेकंद आलं तर ती बहुधा तुमची क्लिपच आहे.

खात्री करायची पद्धत सोपी. प्रोबच्या टोकावरची हुकाची टोपी ओढून काढा. आतली सुई आणि तिच्यामागचं धातूचं कडं उघडं पडतं. प्रोबबरोबर आलेली छोटी स्प्रिंग त्या कड्यावर बसवा. ती हरवली असेल, आणि बहुतेकांची हरवतेच, तर रेझिस्टरच्या पायाची कापलेली तार कड्याभोवती घट्ट दोन वेढे द्या आणि एक सेंटिमीटर टोक बाहेर ठेवा. सुई सिग्नलवर, तार शेजारच्या ग्राउंडवर. आता जोडी ४५० मेगाहर्ट्झच्या वर वाजते, जे १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला जवळजवळ दिसत नाही. शिंग नाहीसं झालं तर ते प्रोबचं होतं. तेवढंच राहिलं, तीच फ्रिक्वेन्सी राहिली, तर सर्किटचं आहे. मग स्नबर (रिंगिंग दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) आणि मॉस्फेटच्या गेट रेझिस्टरकडे बघा.

कोपरे गोल किंवा टोकदार: कॉम्पेन्सेशन

शिंग बारीक नाही, पण लाटेचा सगळा कोपराच गोल किंवा उंच दिसतो, तर प्रोबचं कॉम्पेन्सेशन बिघडलंय. प्रोब १०एक्सवर ठेवा, टोक स्कोपच्या पुढच्या बाजूच्या १ किलोहर्ट्झच्या पट्टीला लावा, टाइमबेस घराला २०० मायक्रोसेकंद. पडद्यावर दोन पूर्ण लाटा दिसतील. प्रोबच्या बीएनसीजवळ किंवा मुठीवर एक बारीक स्क्रू असतो. तो प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनेच फिरवा, लोखंडी टोक जवळ आलं की कपॅसिटन्स बदलतो आणि काढलं की पुन्हा बिघडतं. स्क्रू हळू फिरवताना माथा आधी टोकाला वाकतो, मग सपाट होतो, मग उलटा ढळतो. सपाट झाला की थांबा. हे जुळवणं त्या प्रोबचं त्या चॅनेलपुरतंच असतं. प्रोब दुसऱ्या चॅनेलला लावला की पुन्हा बघायचं.

व्होल्टेज बरोबर दहापट किंवा दहावा भाग दिसत असेल तर प्रोबवरचा स्विच आणि चॅनेलच्या मेन्यूतला आकडा जुळत नाहीत, एवढंच.

१एक्स मात्र विचार करून वापरा. त्यात केबलचा सगळा कपॅसिटन्स, ५० ते १०० पिकोफॅरड, सर्किटच्या गळ्यात पडतो आणि बँडविड्थ ६ ते १० मेगाहर्ट्झवर येते, स्कोपवर १०० लिहिलेलं असलं तरी. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या पायाला १एक्स लावला की ऑसिलेटर बंद पडतो आणि बोर्ड मेलेला वाटतो. क्रिस्टल बघायचाच असेल तर १०एक्सने, आउटपुटच्या पायावर.

१एक्सची खरी जागा रिपल (डीसीवर उरलेली लहान लाट) मोजताना आहे. १०एक्सवर स्कोपची स्वतःची खरखरही दहापट दिसते आणि १२ व्होल्टच्या रेघेवर जाड पट्टा दिसतो. तक्रारीतला तो पट्टा बहुतेकदा हाच. १एक्स, एसी कपलिंग (डीसी भाग अडवून फक्त बदल दाखवणारं), २० मेगाहर्ट्झ बँडविड्थ लिमिट चालू, घराला २० मिलिव्होल्ट. मोजण्याच्या जागीच १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक समांतर लावा आणि स्प्रिंगने त्यांच्या पायांवर मोजा. कॉम्प्युटरच्या एटीएक्स पुरवठ्याचं रिपल याच पद्धतीने मोजतात, आणि तिथे १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट पीक-टू-पीकपर्यंत मुभा आहे. हे न करता मोजलेल्या ४०० मिलिव्होल्टवरून पुरवठा खराब ठरवू नका. रिपल सोडून बाकी सगळीकडे डीसी कपलिंगच. एसी कपलिंगवर पीडब्ल्यूएमची ड्यूटी (पल्स चालू राहण्याचं प्रमाण) बदलली की अख्खी लाट वरखाली सरकते आणि शून्य कुठे तेच कळत नाही.

लाट भलतीच संथ

ऑटोसेट दाबलं आणि १०० किलोहर्ट्झच्या जागी शंभर-दोनशे हर्ट्झची सुबक लाट आली, तर ती खोटी आहे. स्कोपची मेमरी १०,००० बिंदूंची असेल आणि टाइमबेस घराला १० मिलिसेकंद, तर दहा घरांत १०० मिलिसेकंद, म्हणजे १० मायक्रोसेकंदांना एक बिंदू, सेकंदाला १ लाख नमुने. पुढ्यावर १ गिगासॅम्पल लिहिलेलं असतं ते फक्त वेगवान टाइमबेसवर खरं. या वेगाला ६५ किलोहर्ट्झचा एसएमपीएस ३५ किलोहर्ट्झचा दिसतो आणि ९९.९ किलोहर्ट्झचा १०० हर्ट्झचा. पडद्याच्या कोपऱ्यात चालू सॅम्पल रेट लिहिलेला असतो, तो वाचायची सवय लावा. सुरुवात नेहमी वेगवान टाइमबेसपासून करा आणि हळू करत या. ड्राइव्हच्या आउटपुटची ५० हर्ट्झची एक पूर्ण फेरी बघायची असेल तर पीक डिटेक्ट (नमुन्यांच्या मधली टोकंही पकडणारी सेटिंग) चालू करा, मेमरी वाढवता येत असेल तर वाढवा.

लाट धावत असेल तर ट्रिगरचा (लाट कुठून काढायला सुरुवात करायची ते ठरवणारी सेटिंग) सोर्स तोच चॅनेल आहे का आणि लेव्हल लाटेच्या उंचीच्या आत आहे का, एवढं बघा. कडांवर कचरा असेल तर एचएफ रिजेक्ट लावा.

एन्कोडरचा संशय

सीएनसीवर सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. स्पिंडल थांबताना पोझिशन सरकते, स्कोपवर एन्कोडरचा (शाफ्ट किती फिरला ते पल्सने सांगणारा सेन्सर) ए सिग्नल कडांवर घाणेरडा दिसतो आणि महागडा एन्कोडर बदलला जातो. लाइन ड्रायव्हरचा एन्कोडर ए आणि त्याचा उलटा अशा दोन तारांवर सिग्नल पाठवतो आणि ड्राइव्ह फक्त त्यांच्यातला फरक बघतो. एकट्या ए-ला ग्राउंडपासून मोजून ड्राइव्हला काय दिसतं ते कळणार नाही.

दोन सारखे प्रोब, दोन्ही १०एक्स, दोन्ही जुळवलेले. एक ए-वर, दुसरा उलट्या ए-वर, दोन्ही क्लिपा एन्कोडरच्या शून्य व्होल्टवर. दोन्ही चॅनेल घराला २ व्होल्ट. मॅथमध्ये पहिला वजा दुसरा. मोटार चालू असताना बघा, थांबलेल्या मशीनवर हा बिघाड दिसत नाही. दोन्ही तारांवर एकाच दिशेने आलेली शिंगं वजाबाकीत जातात. अशा जोडीसाठीच्या आरएस-४२२ मानकाचा ड्रायव्हर कमीत कमी २ व्होल्टचा फरक देतो आणि रिसीव्हरला ०.२ व्होल्ट पुरतात. वजाबाकीची लाट शून्याच्या दोन्ही बाजूंना २ व्होल्टच्या पुढे जात असेल आणि दोन कडांच्या मध्ये काट्यांमुळे शून्य ओलांडत नसेल तर त्या जोडीत दोष नाही. तशीच बी आणि झेड जोडीही बघा.

वजाबाकीची उंची निम्मीच भरत असेल तर दोनपैकी एक तार तुटलेली असू शकते, कनेक्टरमध्ये कुलंटने गंजलेली पिन बघा. उंची बरोबर पण कडांवर डुलणं असेल तर ड्राइव्हच्या टोकाचा १२० ओमचा टर्मिनेशन रेझिस्टर आहे का ते बंद मशीनवर मोजा. शून्य ओलांडणारे कचऱ्याचे काटे मोटारच्या प्रत्येक स्विचिंगबरोबर येत असतील तर केबलची शील्ड ड्राइव्हच्या बाजूला पॅनेलच्या धातूवर क्लॅम्पने पूर्ण गोलाईत आवळा. शील्ड पिळून केलेली शेपटी स्क्रूखाली दाबली तर पुरत नाही. एन्कोडरची केबल मोटारच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये असेल तर ती वेगळी काढा आणि मोटार पूर्वीच्याच वेगाला चालवून वजाबाकी पुन्हा बघा.